पाना कुणाच्या हातात?

या अंकासाठी मी वेगळ्याच विषयावर लिहायचं कबूल केलं होतं. पण आषाढात आमच्या गाडीतला हात धुण्याचा नळ तुटला आणि त्या नळाने मला इतकं छळलं की आधी त्याच्याविषयी लिहून मोकळं व्हावं असं ठरवलं. नळासारखी क्षुल्लक गोष्ट आणि त्यावर लेख, असं कुणाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

आमच्या संस्थेची एक जुनी मिनीबस आहे. आतल्या खुर्च्या काढून तिचं फिरतं केंद्र केलं आहे. मागच्या बाजूला पडदा, त्यामागे तपासणीचं टेबल, कोपऱ्यात स्टीलचं लहानसं सिंक, सिंकखाली 60 लिटरची टाकी आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा 12 व्होल्टचा चिमुकला पंप. पुढच्या बाजूला दोन बाकं, तिथे आम्ही कार्यकर्त्या बसून बोलतो. मारहाण, सोडचिठ्ठी, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव, सगळं त्या बाकांवर येतं. महिन्यातून दोन मंगळवार डॉक्टरबाई बरोबर असतात. त्या दिवशी पडद्यामागचं काम चालतं.

त्या मंगळवारी आम्ही लाखांदूर तालुक्यात चुलबंद नदीच्या अंगाला होतो. रोवणीचे दिवस. भंडारा जिल्हा धानाचा, आणि धान म्हणजे बाईची कंबर. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची, तेही बाळंतपणं होऊन गेलेल्या, कधी पुरता आराम न मिळालेल्या शरीराने. अंग बाहेर येणं, पांढरं जाणं, कंबर धरणं या तक्रारी या दिवसांत वाढतात आणि दवाखान्यात जायला याच दिवसांत सवड नसते. म्हणून दुपारच्या सुट्टीत गाडी धुऱ्याजवळ उभी करायची, असं आम्ही ठरवलेलं.

पन्नाशीची एक बाई आली. आधीच्या तीन फेऱ्यांत ती नुसती बाकावर बसून इतरांचं ऐकून गेली होती. या वेळी पडद्याआड गेली आणि म्हणाली, अंग बाहेर येते, अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ती टेबलावर निजली. डॉक्टरबाईंनी हाताला साबण लावला, नळ उघडायला गेल्या आणि नळ मुळासकट हातात आला. खालचा पाइप चरकन फुटला, पंप चालूच होता, पाण्याची चिळकांडी थेट पडद्यावर. कुणीतरी ओरडलं. आमचे ड्रायव्हरभाऊ नेहमीच्या सवयीने पायरीवर चढले, "थांबा, मी बघतो."

ते आत आले नाहीत. पडदाही मध्ये होताच. पण त्यांचा आवाज आला आणि ती बाई उठली, लुगडं सारखं केलं, "येतो जी मंग," म्हणाली आणि उतरून बांधीकडे चालू लागली. मी मागे धावले. तिने वळून पाहिलं नाही.

नंतर अर्थातच सुचलं की बादली आणि मग घेऊन हात धुता आले असते. पिण्याच्या पाण्याची बाटलीसुद्धा हाताशी होती. पण ते सुचायला जी पाच मिनिटं लागली तेवढ्यात अकरा वर्षांचं धाडस पायरी उतरून गेलं होतं.

ड्रायव्हरभाऊंना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. माणूस भला आहे. नळ तुटला की पुरुषाने पुढे व्हायचं आणि बायकांनी बाजूला सरायचं, हे त्यांना जसं कुणी शिकवलं नाही तसं आम्हालाही नाही. आम्ही सगळ्या आपोआप बाजूला सरलो. मीसुद्धा.

हा नळ तुटण्याची ही तिसरी वेळ होती. आधी दोनदा शहरातल्या एका फिटरने तो बसवून दिला होता. दोन्ही वेळा गाडी दीड दिवस उभी राहिली आणि ठरलेली गावं रद्द झाली. त्याचं म्हणणं, "रस्ते खराब आहेत मॅडम." खोटं नव्हतं ते. पण त्याने घरात बसवतात तसाच कडक पीव्हीसी पाइप, एल्बो आणि जड पितळी नळ सिंकच्या पातळ पत्र्यावर बसवला होता. घराची भिंत हलत नाही. गाडी मात्र खड्ड्यागणिक हलते, वरून पंपाची थरथर वेगळी. ताठ पाइपला वाकता येत नाही, म्हणून सगळा धक्का सांध्यावर येतो आणि एक दिवस सांधा तडकतो. परदेशात लोक घरासारख्या गाड्या घेऊन हिंडतात, आणि महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चालत्या गाडीत नळाला लवचिक नळी जोडावी, हे अशा गाड्या बांधणाऱ्यांना केव्हाच ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते आमच्याच एका सहकारिणीने सांगितलं.

ही सहकारी बेचाळीस वर्षांची, शिक्षण सातवी. काही वर्षांपूर्वी स्वतःची केस घेऊन संस्थेत आली आणि राहिली. सिंकखाली डोकं घालून तिने फुटलेला पाइप पाहिला आणि म्हणाली, "गॅसच्या शेगडीले कोनी लोखंडाचा पाइप लावते का जी?"

मी एकदम गप्प झाले. आपण सगळ्या सिलिंडर बदलतो. रेग्युलेटर काढतो, बसवतो, नळीला चीर गेली का पाहतो, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतो. कुकरची रिंग सैल झाली की बदलतो. शिलाई मशीनला तेल देतो, पट्टा चढवतो. गॅसची चूक जिवावर बेतू शकते, नळाची चूक फार तर पाय ओले करते. तरी पहिलं घरकाम आणि दुसरं कौशल्य! पहिल्याला मजुरी नाही, दुसऱ्याला आहे. ही विभागणी कामाच्या अवघडपणावरून झालेली नाही, एवढं तरी कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. "भाऊ नाही आले का सोबत?" हा पहिला प्रश्न. काउंटरवर जे हवं ते नाव घेऊन मागता आलं नाही, बोटाने दाखवावं लागलं, याची मला फार लाज वाटली. आता नावं पाठ आहेत. सिंकच्या भोकात उभा बसतो तो पिलर कॉक. त्याला खालून आवळून धरणारी चकती म्हणजे चेकनट. स्टीलच्या विणीची लवचिक नळी म्हणजे कनेक्शन पाइप, तो अर्ध्या इंचाचा घ्यायचा आणि लांबी मापापेक्षा थोडी जास्त ठेवायची. वॉशरला सगळे वायसर म्हणतात. दुकानदार पितळी नळाचाच आग्रह करत होता. भंडारा हे पितळेचं गाव, इथल्या भांड्यांचं नाव सगळीकडे, तेव्हा त्याचा अभिमान मी समजू शकते. माझ्या आईचा गुंड इथलाच आहे. पण पातळ पत्र्याला वजन नको होतं. आम्ही प्लास्टिकचा हलका नळ घेतला.

काम कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण कुणीतरी हे पान फाडून घडी करून ठेवावं अशी माझी इच्छा आहे.

पंपाचं बटण बंद केलं आणि पंपाची वायरही काढली. पंपाच्या तोंडाशी बादली ठेवून नळीत उरलेलं पाणी उतरवलं. सिंकखाली जेमतेम एक हात जाईल एवढी जागा. फिटर तिथे उताणा निजून, घाम गाळत, शिव्या देत काम करायचा. आम्ही आधी तसंच करून पाहिलं आणि हात सोलून घेतले. मग माझ्या सहकारिणीने सिंकचे चार स्क्रू काढले. जुना ताठ पाइप करवतीने कापून टाकला आणि सिंकच बाहेर काढून तपासणीच्या टेबलावर उलटं ठेवलं, परातीसारखं. आता सगळं डोळ्यांसमोर होतं. भोकात नळ, खालून रबर, मग चेकनट. नळाच्या आट्यांवर कनेक्शन पाइपचा नट चढवला. सिंक परत जागेवर ठेवून नळीचं दुसरं टोक सरळ पंपाच्या आट्यांवर. मध्ये एकही सांधा नाही. ताठ पाइप असता तर असं बाहेर काढून, जोडून परत बसवताच आलं नसतं. नळी वाकते म्हणूनच हे जमतं.

चुकाही केल्या. कनेक्शन पाइपच्या नटमध्ये रबराचं वायसर असतं आणि पाणी तेच अडवतं, तिथे टेफ्लॉनची टेप लागत नाही. आम्ही हौसेने टेप गुंडाळली आणि वायसर नीट बसलंच नाही, थेंब थेंब गळत राहिलं. टेप काढली. मग मी पान्याने जीव खाऊन आवळलं आणि वायसर कापलं गेलं. सहकारी हसून म्हणाली, "कुकरचं झाकन असं आवराल तं रबर जाईल ना मॅडम." हाताने घट्ट बसेल तेवढं फिरवायचं, मग पान्याने पाव फेरा. बस्स. दुसरं वायसर जवळ होतं म्हणून निभावलं. नळी ताणून बसवायची नाही. तिला सैलसर वळसा ठेवायचा, मात्र तो मुरगळता कामा नये. आणि गाडी वीसेक किलोमीटर चालली की थांबून नटला हात लावून पाहायचा, कारण पहिल्या धक्क्यांनी तो थोडा सैल होतो.

आम्हाला अडीच तास लागले. फिटरने हेच काम अर्ध्या तासात केलं असतं, हे मान्य. पण त्या अडीच तासांत एकाही बाईला गाडीतून उतरावं लागलं नाही.

हे लिहिताना मला हातपंपाची आठवण होते. आमच्याकडे त्याला बोरिंग म्हणतात. 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क-2 हा पंप तयार झाला आणि गावोगाव उभा राहिला. मजबूत, टिकाऊ, वादच नाही. पण खाली सिलिंडरमधलं चामड्याचं वायसर झिजलं की ते बदलायला जमिनीतले सगळे पाइप वर ओढून काढावे लागत. त्याला जड अवजारं लागत, चारपाच माणसं लागत, गाडी लागे. म्हणजे गावाने अर्ज करायचा आणि पथकाची वाट पाहायची. तोवर पाणी बाईने लांबून आणायचं. पुढे मार्क-3 आला. त्यात पाइप जागेवर ठेवून नुसत्या सळ्या ओढून वायसर बाहेर काढता येतं. हे काम दोनतीन जणी मिळून करू शकतात. बाईच्या हातात जोर नाही हे आपण ऐकत आलो. प्रत्यक्षात यंत्र ज्याने आखलं त्याने दुरुस्ती करणाऱ्या बाईचा विचारच केला नव्हता. आमच्या सिंकखालचा ताठ पाइप त्याच जातीचा.

उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवली गेली. त्यांतल्या कितीतरी दलित आणि कोल आदिवासी, अक्षरओळख नसलेल्या. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेनेही बायकांना हातपंपाच्या मिस्त्री केलं. पाना हाती आल्यावर हिशेबाची वही लिहावी लागते, म्हणून बांद्याच्या बायकांनी अक्षरं मागितली. मला यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. आपण बहुतेक वेळा आधी साक्षर करतो, आधी जाणीवजागृती करतो आणि पाना कधी येतच नाही. पाण्यावरच्या हक्काचा प्रश्न 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी उभा केला. तो पाणी घेण्याचा हक्क होता. ते पाणी जिच्या डोक्यावरून घरी येतं, तिच्या हातात ते आणणारं यंत्र आजही नाही.

आज तर नळ घरोघर येतो आहे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी 3 कोटी 23 लाख घरांत, म्हणजे सुमारे 17 टक्के घरांत, नळ होता. त्यानंतर कोट्यवधी नळ बसले. माणशी रोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट आहे. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निदान निम्म्या बायका हव्यात आणि पाणी तपासायला गावातल्या पाच जणी प्रशिक्षित हव्यात. कागद चांगला आहे. त्याला नावं ठेवण्याचं मला कारण नाही. पण मी ज्या बैठकांना बसते तिथे समितीतल्या बायका सह्या करतात, पाण्याच्या नमुन्याची बाटली धरून फोटो काढतात आणि वॉल्व्हची चावी, पंपाचा स्विच, पाना हे सगळं कुणा भावाच्या किंवा पुतण्याच्या हातात असतं. नळ कारागिराला मानधन आहे, पाणी तपासणारीला बहुतेक ठिकाणी चहा आहे. नळाची तोटी गळत असेल तर शेजारची बाई चिंधी बांधते, कारण कारागीर रोवणीला गेलेला असतो. चिंधी बांधणं हे बायकांचं पारंपरिक दुरुस्तीशास्त्र म्हणायला हरकत नाही.

एका बैठकीत मी पान्याचा विषय काढला तेव्हा एक सरपंचबाई चिडल्या. म्हणाल्या, "मॅडम, सैपाक आमी, पानी आमी, रोवना आमी, बचतगट आमी, आता नळबी आमीच दुरुस्त करू? मंग मानसं काहून हायत?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. त्या बरोबर बोलत होत्या. आशाताईंचं आपण पाहतोच आहोत. सगळ्या गावाचं आरोग्य त्यांच्या खांद्यावर आणि हातात मात्र पगार नव्हे, मोबदला. सेवाभाव म्हणून बाईच्या अंगावर आणखी एक काम टाकायचं असेल तर माझा पान्याला विरोध आहे, हे स्पष्ट लिहून ठेवते. घरातली तोटी घरातल्या कुणीही बसवावी, मुलाने, नवऱ्याने, सुनेने. पण गावाच्या नळयोजनेची दुरुस्ती ही नोकरी आहे. ती पाणीपट्टीतून, ठरलेल्या दराने, पावती देऊन व्हावी, आणि तीत बायकांना निम्मा वाटा हवा. नल जल मित्र म्हणून गावातल्या लोकांना नळजोडणी, गवंडीकाम, वीज, पंप शिकवण्याची योजना आहेच. तिच्या यादीत गावातली किती नावं बायकांची आहेत हे ग्रामसभेत उठून विचारायला अर्जसुद्धा लागत नाही. आयटीआयमध्ये नळ कारागिराचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. मुलीला शिवणकामाला घालायचं की नळकामाला, हे ठरवताना आपणच पहिल्या पर्यायाकडे बोट दाखवतो. माझ्याकडे आलेल्या दोन मुलींना मीच तसं सुचवलं होतं. त्या वेळी मला ते समजूतदारपणाचं वाटलं.

माझं एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन पद्धती, शिवाय आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य. मी मन लावून शिकले आणि त्याचा उपयोगही होतो, नाही असं नाही. पण त्या दोन वर्षांत कुणी हातात पाना दिला नाही, आणि द्यायला हवा होता असं मलाही कधी वाटलं नाही. आम्ही सक्षमीकरण या शब्दावर दहा पानी उत्तरं लिहायचो. तो शब्द मी आता फारसा वापरत नाही. माझ्या घरी नळ बिघडला की नवरा प्लंबरला फोन करतो आणि प्लंबर आल्यावर मी बैठकीच्या खोलीत जाऊन बसते, हे मी यंदाच्या आषाढापर्यंत पाहिलंही नव्हतं.

सध्या गाडीत सीटखाली पत्र्याची एक पेटी असते. तीत दोन पाने, करवतीचं पातं, स्क्रू ड्रायव्हर, अर्ध्या इंचाची वायसरं, एक जादा कनेक्शन पाइप, टेपचं रीळ, टॉर्च. पेटीची चावी सहकारिणीकडे आहे. तिच्या मानधनात देखभालीचे म्हणून वेगळे पैसे धरावेत, असा ठराव मी संस्थेच्या बैठकीत मांडला. त्यावर अजून चर्चा चालू आहे. एक सदस्य म्हणाले, "एवढ्याशा कामाचे काय पैसे?" फिटरला आपण किती देत होतो, त्याच्या दोन पावत्या मी समोर ठेवल्या आहेत.

रोवणी संपली. नळ अजून गळलेला नाही. दर फेरीला वीस किलोमीटरवर थांबून आम्ही नटला हात लावून पाहतो. आता ड्रायव्हरभाऊच आठवण करतात आणि गाडी थांबवून स्वतः खाली उभे राहतात. ती बाई मात्र परत आलेली नाही. तिच्या शेजारणीकडे निरोप ठेवला आहे की पडद्याआड आता फक्त बायकाच असतात, नळ तुटला तरी. येत्या मंगळवारी गाडी पुन्हा त्याच गावी आहे.